न्यूमोनिया फुफ्फुसातच थांबतो, हे कुणी सांगितलं?

नदीकाठ:
काल इथे एकांनी लिहिलं, "न्यूमोनिया बरा झाला की विषय संपला. फुफ्फुसाच्या पेशंटचा ईसीजी, ट्रोपोनिन काढणं म्हणजे निव्वळ बिल फुगवणं." (ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन.) खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून गप्प बसवेना.

ॲडमिट करण्याइतका न्यूमोनिया झाला की दाह फुफ्फुसापुरता राहत नाही, रक्तात उतरतो. एंडोथेलियमचं, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचं, वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड घटतं, प्लेटलेट चिकट होतात, रक्त गोठायला टेकतं. धमनीत आधीच चरबीचा थर असेल तर तो नेमका अशा वेळी फुटू शकतो. वर ऑक्सिजन कमी आणि नाडी धावतेय. हे मोजताही येतं. हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, सोडायचं आणि सोनोग्राफीत दंडाची धमनी किती फुलते ते बघायचं. न्यूमोनियाच्या पेशंटची धमनी ऐन आजारात कमी फुलते.

२०१५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन दीर्घ पाहण्यांचा अभ्यास आला. पासष्टीपुढच्या गटात न्यूमोनियाने ॲडमिट झालेल्यांना पहिल्या ३० दिवसांत हार्ट ॲटॅक, स्ट्रोक वगैरेंचा धोका चौपट होता आणि दहाव्या वर्षीही तो पूर्ण उतरला नव्हता.

माझ्या वडिलांचा ताप गेला, घरी आणलं. दोन पावलं चालले की घाम, जबडा दुखतोय म्हणायचे. आम्ही सगळे "अशक्तपणा आहे" म्हणत मऊ भात भरवत होतो. तो ॲटॅक होता.

वाळवेकर:
ते वाक्य माझंच आहे आणि मागे घेत नाही. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण न्यूमोनिया होतो कुणाला? म्हातारे, डायबेटिसवाले, बिडी ओढणारे. त्यांना ॲटॅक येणारच होता. आणि तोच अभ्यास पुढे वाचा की! ४५ ते ६४च्या गटात धोका दोनच वर्षं दिसला. ते का गाळलं?

शुभदा_सा:
"येणारच होता" हे किती सहज लिहिता हो! त्या अभ्यासात सिगारेट, शुगर, बीपी सगळं हिशेबात धरलंय. तेही नको असेल तर २००४चा ब्रिटनमधला अभ्यास घ्या. त्यात माणसाची तुलना त्याच माणसाच्या इतर दिवसांशी केली. छातीच्या इन्फेक्शननंतर पहिल्या तीन दिवसांत हार्ट ॲटॅकचा धोका जवळजवळ पाचपट. माणूस तोच, बिडी तीच. आता बोला.

वाळवेकर:
ते फॅमिली डॉक्टरकडच्या नोंदींवरून काढलंय, ॲडमिट पेशंटांवरून नाही. बरं, पाचपट तर पाचपट. पण माझ्या मेव्हण्याला एका खासगी हॉस्पिटलात न्यूमोनियासाठी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी "एंजिओग्राफी करून घेऊ" सुरू. छातीत दुखत नव्हतं, ईसीजी नॉर्मल. आम्ही नाही म्हटल्यावर सही मागितली. डिपॉझिट भरायला बहिणीने पाटल्या मोडल्या. रक्तवाहिन्यांचं शास्त्र तिला सांगा.

कोकणकडा:
वाळवेकरांना १००% पाठिंबा. आमच्याकडे ग्लोव्हजचे, मास्कचे पैसे वेगळे लावले आणि मेडिक्लेमवाल्यांनी नेमके तेच कापले. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मंजुरीची वाट बघत खुर्चीवर बसवून ठेवलं. आधी यावर बोला.

शुभदा_सा:
ग्लोव्हजचा आणि धमनीचा काय संबंध? प्रत्येक धागा मेडिक्लेमवरच न्यायचा का?

कोकणकडा:
बिल तुम्ही भरलेलं नाही, म्हणून संबंध दिसत नाही.

शुभदा_सा:
सासूबाईंचं भरलंय. माहीत नसताना दुसऱ्याच्या घरात शिरू नका.

रात्रपाळी:
वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून लिहिते. वाळवेकर, लक्षणं नाहीत, ईसीजी नॉर्मल आणि तरी एंजिओग्राफी? तुम्ही विचारलंत ते बरोबरच केलंत. पण तो राग ईसीजीवर काढू नका. तो स्वस्त आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही निघतो. म्हाताऱ्या पेशंटला कित्येकदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, गोंधळल्यासारखं होतं. न्यूमोनियातही हेच होतं, म्हणून तर फसायला होतं. ट्रोपोनिन मात्र नुसत्या न्यूमोनियानेही थोडं वाढतं. एका आकड्यावरून ॲटॅक म्हणत नाहीत, काही तासांनी परत बघतात. दुसऱ्यांदा काढलेल्या ट्रोपोनिनचं बिल म्हणजे दरवेळी लूट नव्हे.

आणखी एक. ॲडमिट असताना बीपी उतरलं की बीपीच्या गोळ्या थांबवतात, डिस्चार्ज कार्डावर त्या परत चढत नाहीत. ॲस्पिरिन, स्टॅटिनचंही (कोलेस्टेरॉलची गोळी) कधीकधी तसंच होतं. घरचे समजतात, बंद झाल्या. जुनी चिठ्ठी आणि नवं कार्ड शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा.

नदीकाठ:
सिस्टर, वडिलांची बीपीची गोळी अशीच कार्डावर नव्हती. त्यामुळेच झालं असं म्हणत नाही, पण कुणी विचारलंसुद्धा नाही. वाळवेकर, मधल्या वयाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण दोन वर्षं तुम्हाला थोडी वाटतात? आणि न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका मुख्य जंतूवरची, लस लहान मुलांना २०१७पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली. मोठ्यांना अजून खिशातूनच घ्यावी लागते. भांडायचं तर त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूला उभा राहतो.

वाळवेकर:
लशीवर भांडेन. ईसीजी मान्य, ट्रोपोनिन दोनदा तेही मान्य, सिस्टरनी सांगितलं म्हणून. तुमच्या अभ्यासांमुळे नव्हे. एंजिओग्राफीच्या सहीचं मात्र सोडणार नाही, त्याचा वेगळा धागा काढतोय. कोकणकडा, तिकडे या.