मराठी मीटिंग कशी शोधायची? सोडून ४१ दिवस झालेत

धायरीवाला:
नमस्कार मंडळी, असलं कुठं पहिल्यांदाच लिहितोय, सरळच सांगतो. वय ४७, भोसरीत कंपनीत, पहिली शिफ्ट. दारू सोडून आज ४१ दिवस. डॉक्टरांच्या गोळ्यांवर सुरुवातीचे दिवस निघाले, आता हात थरथरत नाहीत पण संध्याकाळचे सहा वाजले की जीव कासावीस होतो, घरात बसवत नाही. डॉक्टर म्हणाले एएला जा, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणारे एकत्र बसून बोलतात ते. मागच्या आठवड्यात एका मीटिंगला गेलो तर सगळं इंग्लिशमधे. माणसं चांगली होती, चहा दिला, पण माझी पाळी आली तेव्हा नावापुढं एक वाक्य सुधरेना. शेवटी प्रार्थना झाली, मी देवबिव फारसा मानत नाही. परत जायचं धाडस होईना. सिंहगड रोडच्या बाजूला मराठी मीटिंग कशी शोधायची? आणि कुणी ओळखीचं भेटलं तर? पोरीचं लग्न बघायचंय पुढच्या वर्षी. त्यात गटारी तोंडावर आलीय.

जुना_गडी:
दादा, ४१ दिवस म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, मनापासून अभिनंदन. मला ११ वर्षं झाली. एका मीटिंगवरून ठरवू नका, मी तीन ग्रुप सोडले तेव्हा चौथ्यात टिकलो. पुण्यात मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्ही भाषांतल्या मीटिंगा आहेत. एएच्या हेल्पलाइनला फोन लावा, उचलणारा बहुतेक आपल्यातलाच असतो, त्याला भाषा, वार, वेळ विचारा आणि ओपन आहे का क्लोज्ड तेपण विचारा. ओपनला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त ज्यांना पिण्याचा त्रास आहे तेच.

पण घराजवळचीच पाहिजे हे डोक्यातून काढा. तुमची वाईट वेळ सहाची ना, मग त्या वेळेची मीटिंग धरा, ती डेक्कनला असो नाहीतर स्वारगेटला. माझे पाय साडेसातला बारकडे वळायचे म्हणून मी साडेसातचीच धरली, घरापासून पाऊण तास लांब होती तरी. आणि मीटिंग संपली की लगेच पळू नका, बाहेर चहाला थांबा, माझी निम्मी सुधारणा त्या चहाच्या टपरीवर झालीय, फोन नंबर तिथंच मिळतात. फी नाही, फॉर्म नाही. थैली फिरते, त्यात टाकलं तर टाकलं. पिणं सोडायची इच्छा एवढीच अट.

देवाचं म्हणाल तर एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यातल्या तिसऱ्या पायरीतच आहे, आम्हाला जसा उमगला तसा ईश्वर. आमच्यात दोघंतिघं अजिबात न मानणारे आहेत, ते ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती धरतात. प्रार्थनेला गप्प उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही.

गटारीला मित्राच्या मटणाला "नुसतं जेवायला" जाऊ नका. मी दुसऱ्या वर्षी तसाच गेलो आणि सात महिने वाया गेले, परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. त्या दिवशी मीटिंग करा, तेवढी रात्र काढा.

निनावी_ताई:
ओळखीच्या माणसाची भीती मला तर दुप्पट होती, पिणारी बाई म्हणजे लोक काय बोलतील. पहिल्याच दिवशी आमच्या सोसायटीतले एकजण समोरच्या खुर्चीवर. दोघंही गार पडलो. मग लक्षात आलं की ते पण त्याच कारणासाठी आलेत. चार वर्षं झाली, लिफ्टमधे भेटतो तेव्हा पावसावर बोलतो, बाकी एक अक्षर बाहेर गेलेलं नाही. तिथं आडनाव कुणी विचारत नाही.

वाचणाऱ्या बाकीच्यांना एक सांगते, रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावर बेततं. या दादांनी डॉक्टरांना विचारून केलं तेच बरोबर. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट.

सिंहगडरोडची_काकू:
मी पिणाऱ्याची बायको. भाऊ, तुमच्या मिसेसना पण एकटं ठेवू नका. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, अमेरिकेत १९५१ पासून. आणि येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मधे सुरू केलेलं, तिथं बायकांसाठी सहचरी गट आहे. मी वीस वर्षं यांच्या खिशाचा वास घेत जगले हो, हे सुधारले तरी माझी ती सवय जाईना, रात्री उठून बाटल्या शोधायची. ते मी तिथं पहिल्यांदा बोलले तर शेजारची म्हणाली मी पण, आणि आम्ही दोघी रडलो. तुम्ही मीटिंगला जाता तेव्हा त्या घरी घड्याळाकडे बघत बसत असतील. त्यांना विचारा एकदा.

धायरीवाला:
सगळ्यांचे आभार. आज फोन केला. काका मराठीच बोलले, नाव विचारलं, आडनाव सांगायला गेलो तर नको म्हणाले. शुक्रवारी पावणेसहाला स्वारगेटला स्टॉपवर थांबतो, तिथून बरोबरच जाऊ म्हणाले. गटारीच्या दिवशीची मीटिंग पण लिहून घेतली. काकू, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण नंतर माझा फोन घेऊन तिनं परत एकदा वाचलं.