गडचिरोलीत बायांच्या धंद्यांवर पीएचडी, पण कोणी बोलूनच नाही राहिलं

चंद्रपूरवाली:
एटापल्ली-भामरागडकडच्या माडिया आदिवासी बायांचे छोटे धंदे अन् नक्षल-पोलीस तणावाचा त्यावर परिणाम, असा विषय आहे. कमाई विचारली की सगळ्या गप, नक्षल्यांच्या बंदच्या वेळी काय झालं विचारलं की उठून जातात. गाईड म्हणते सॅम्पल वाढव. काय करू?

झाडीपट्टी:
सॅम्पल वाढवून काय होते ताई, गप्प बसणाऱ्याच वाढतील 😀 तिकडे वही घेऊन कमाई विचारणारा म्हंजे पोलिसांचा नाहीतर फॉरेस्टचा, अन् एकाशी बोललेलं दुसऱ्याच्या कानावर गेलं तर भोगावं त्या बाईला लागते, तुम्ही तर चंद्रपूरला निघून जाल. आधी ग्रामसभेत बसा. संमतीच्या फॉर्मवर सही-अंगठा नका मागू, तोंडी परवानगी घ्या, एथिक्स कमिटीला कारण लिहून द्या. थिसिसमध्ये गावाचं नावही नको, लहान गावात "किराणा दुकानवाली विधवा" लिहिलं तरी सगळ्यांना कळते कोण ते. अन् मे मध्ये जाऊच नका, तेंदूपत्त्याच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात पुडके बांधता बांधता बायांना जेवायला टाइम नसतो.

बांबूवाला:
मले वाटते तुम्ही सगळंच बंदुकीतून पाहून राहिल्या. आपल्या गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा हक्क) मिळाला २००९ मध्ये, अन् बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं एप्रिल २०११ मध्ये, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले तेव्हा. मधल्या काळात कोण अडवून होतं? फॉरेस्ट खातं. कमाई विचारूच नका, मोह (मोहफुलांचा) विचारा. मार्च-एप्रिलमध्ये कोणाला दिला, घरी काहून नाही ठेवला, पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याकडून परत घेतला का, कितीत घेतला. हिशोब आपोआप निघते, अन् कोणता बाजार, कोणता रस्ता कधी बंद होता हेही बाया मधातच सांगून टाकतात.

कोपऱ्यातला:
थिअरीसाठी अर्थशास्त्रज्ञ बॉमोलचा १९९० चा पेपर पाहा. धंदा करणारे सगळीकडेच असतात, पण नियम जसे तसा त्यांचा जोर उत्पादनात जातो, नाहीतर वसुलीत. तेंदूचा ठेकेदार अन् स्वतः लिलाव करणारी ग्रामसभा, तुलना आयतीच आहे.

झाडीपट्टी:
बॉमोल ठीक आहे बाप्पा, पण माडिया कोण बोलणार? दुभाषी कोण आहे ताई?

चंद्रपूरवाली:
पोलीस पाटलाचा मुलगा 😐 बचत गटाची ताई घेऊ का मग?

झाडीपट्टी:
घ्या, पण दुसऱ्या गावची. त्याच गावची असली तर कर्जाचे हप्ते तिच्याच रजिस्टरात असतात, तिच्यासमोर कमाई कोण सांगन?