मदत हवी आहे: पुरानंतरच्या बिनव्याजी कर्जासाठी जकात (मुस्लिमांचं वार्षिक बंधनकारक दान) वापरता येईल का?

हिशेबनीस_चिपळूण:
आमची बिनव्याजी पतसंस्था लहान आहे. २२ जुलै २०२१ सारखं पाणी पुन्हा बाजारपेठेत शिरलं, तर सभासद दुकानदारांना आठवडाभरात १० ते २५ हजारांचं कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, द्यायचं ठरतंय. काही संचालक म्हणतात, रमजानची जकात कर्जनिधीत टाका. चालेल? सेवाशुल्क किती लावावं?

वसुली_भाऊ:
जकात त्यात घालू नका. शाफई असोत वा हनफी (इस्लामी कायद्याचे दोन पंथ), घेणारा त्या पैशाचा मालक झाला पाहिजे; परतीच्या बोलीवर दिली तर जकात अदा होत नाही. थकलेलं कर्ज ‘जकातीत वळतं केलं’ असं लिहूनही भागत नाही. जकातीची रक्कम आधी कर्जदाराच्या हातात द्या, अट न घालता. मग तो आपणहून कर्ज फेडो. जकात पतसंस्थेच्या खात्यात घेऊच नका, नोंदणीकृत ट्रस्टचं वेगळं खातं ठेवा. नाहीतर लेखापरीक्षक ती ठेव धरतो आणि मग निस्तरत बसा.

सेवाशुल्क टक्क्यात लावलं की ते व्याजच दिसतं. वर्षाचा कार्यालयीन खर्च भागिले कर्जप्रकरणं: ३,६०,००० भागिले ६०० म्हणजे ६०० रुपये, १० हजारांना तेवढेच आणि २५ हजारांनाही. पुराच्या वर्षी प्रकरणांचा आकडा वरखाली होतो, म्हणून तीन वर्षांची सरासरी धरा. मुदत वाढवली तर पुन्हा शुल्क नको.

ठेव_आणि_तारण:
खरी अडचण रोखीची. कर्ज मागणारे आणि ठेव काढणारे एकाच दिवशी दारात येतात, आणि बिनव्याजी ठेवी बहुतेक मागताक्षणी द्यायच्या. जून ते सप्टेंबर ठेवींच्या ३० टक्के तरी रोख हाताशी ठेवा, तीही वाशिष्ठी नदीच्या पूररेषेबाहेरच्या बँक शाखेत. वचनचिठ्ठ्या स्कॅन करून ठेवा; भिजलेल्या कागदावर वसुली होत नाही. दोन्ही जामीनदार एकाच मोहल्ल्यातले असले तर तिघंही एकदमच बुडतात. एक तरी पगारदार आणि मोहल्ल्याबाहेरचा घ्या.

हिशेबनीस_चिपळूण:
आणि हिंदू सभासद? शिवाय सभासद नसलेले पूरग्रस्त?

वसुली_भाऊ:
कर्जाला धर्म आड येत नाही, फक्त महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे ते सभासदालाच देता येतं. बाकीच्यांना मदत द्यायची तर सदका (ऐच्छिक दान), नाहीतर त्याच कायद्याच्या कलम ६९ खालचा सार्वजनिक कामांसाठीचा निधी. राखीव निधी (नफ्याच्या किमान २५ टक्के) काढल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत बाजूला ठेवता येतात. खर्चाआधी अधिसूचित संघीय संस्थेची (सरकारने नेमून दिलेल्या, सहकारी संस्थांच्या संघाची) मंजुरी लागते, ती पाणी ओसरल्यावर मागायला गेलात तर उशीर होतो. मार्चनंतरच्या पहिल्याच सभेत ठराव घ्या.