नेटिव्ह टायटलला ‘वतनहक्क’ म्हणावं का?

रानवाट: ऑस्ट्रेलियातल्या माबो खटल्यावर लेख लिहितेय. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी माबो आणि सोबत्यांनी १९८२ साली दावा लावला. ३ जून १९९२ला तिथल्या हायकोर्टाने (तिथं तेच सर्वांत वरचं) त्यांचा जमिनीवरचा मूळचा हक्क, म्हणजेच ‘नेटिव्ह टायटल’, मान्य केला. दाव्याचे आघाडीचे वकील होते मेलबर्नचे रॉन कास्टन, ज्यू. संपादकांनी ‘नेटिव्ह टायटल’चं ‘वतनहक्क’ केलंय आणि ‘टेरा न्युलियस’चं, म्हणजे कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन या कल्पनेचं, ‘निर्जन भूमी’. दोन्ही खटकतायत.

जुनी पाटी: वतन अजिबात नको. वतन राजा देतो, मनात आलं तर जप्त करतो. इथे तर हक्क ब्रिटिश येण्याआधीपासूनचा, कुणी दिलेला नाही. ‘मिरास’ घ्या, म्हणजे जमिनीवरचा पिढीजात हक्क. मिरासदार गाव सोडून गेला तरी परत येऊन आपली जमीन मागू शकायचा; उपऱ्याला, म्हणजे पिढीजात हक्क नसलेल्या कुळाला, ते जमायचं नाही.

चौकस: मिरास अरबी. शिवाय आज ‘मिरासदारी’ म्हटलं की मक्तेदारीच डोळ्यांपुढे येते. ‘आद्यस्वामित्व’ करा.

खोत नसलेला: अरबी म्हणून नको? मग ‘वकील’, ‘हक्क’, ‘दावा’, ‘मालक’ही काढा, बघू लेखात काय उरतं! मिरासेला माझी हरकत वेगळी आहे. तिला मिरासपत्र असायचं. मेरवर कागद कुठला? साधं ‘वहिवाट’ म्हणा.

जुनी पाटी: वहिवाट म्हणजे नुसता वापर. दुसऱ्याच्या बांधावरून जायचीही वहिवाट असते. मेरवर घराघराच्या बागांच्या हद्दी होत्या, वारस ठरलेले होते.

रानवाट: आणि टेरा न्युलियस?

चौकस: अस्वामिक भूमी.

खोत नसलेला: ‘निर्जन’ तर साफ चूक. माणसं दिसत होती, त्यांची मालकी मोजायची नव्हती. ‘बेवारस’ लिहा.

जुनी पाटी: बेवारस म्हणजे धनी मेला, वारस नाही. आपल्या जुन्या दप्तरांत ‘गतकुळी’ जमीन सापडते, मिरासदाराचं कूळच नाहीसं झालेली. पण मेरची कुळं तिथेच नांदत होती, तेव्हा तोही शब्द बसत नाही. सापडला म्हणून सांगितला, इतकंच.

अलिबागकर: मध्येच बोलतो. ‘ज्यू’ कशाला? यहुदी लिहा. आमच्या आळीत बेने इस्रायलांची घरं होती. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ज्यू म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

चौकस: यहुदी तरी कुठे मराठी? आणि वकील ज्यू होता हे लेखात हवंच कशाला?

रानवाट: हवं, कारण लेख त्यावरच आहे. ६ डिसेंबर १९३८ला, जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडल्यावर महिन्याच्या आत, ऑस्ट्रेलियातल्या योर्टा योर्टा या मूळच्या जमातीचे विल्यम कूपर आपल्या लोकांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर निषेधाचं पत्र द्यायला गेले. ते घेतलं गेलं नाही. तेव्हा त्यांना स्वतःलाच नागरिकाचे पुरते हक्क नव्हते. ‘ज्यूंनी आदिवासींना पाठिंबा दिला’ असं लिहिलं तर हे सगळं गळतं.

खोत नसलेला: मग ‘पाठिंबा’ खोडा, ‘एकजूट’ लिहा.

अलिबागकर: ‘आदिवासी’ चालतं का तिथे? टॉरेस सामुद्रधुनीवाले स्वतःला ॲबोरिजिनल म्हणवत नाहीत, त्यांची ओळख निराळी.

चौकस: ‘मूलनिवासी’.

जुनी पाटी: झालं! आता दोनशे प्रतिसाद ‘मूलनिवासी’वर.

रानवाट: लेख उद्या द्यायचाय हो. मिरास की वहिवाट?

अलिबागकर: त्याआधी यहुदीचं ठरवा.