मदत हवी आहे: अश्वत्थाम्याच्या कोणत्या अपराधाला शिक्षा झाली?

अभ्यासगटासाठी महाभारतातील युद्धनियम आणि न्याय या विषयावर टिपण तयार करत असून एका मुद्द्यावर अडकलो आहे. सौप्तिकपर्वात कृपाचार्य, झोपलेल्यांना आणि शस्त्र खाली ठेवलेल्यांना मारणे धर्माला धरून नाही, असे स्पष्ट बजावतात. त्यावर अश्वत्थामा, पांडवांनीच धर्माचा सेतू आधी शंभर ठिकाणी मोडला, असे उत्तर देतो आणि त्या रात्री धृष्टद्युम्नासह द्रौपदीच्या पाचही पुत्रांना ठार करतो. (निःशस्त्र द्रोणांचा वध आठवला की हे उत्तर सहज झटकून टाकता येत नाही.) द्रौपदीच्या हट्टामुळे त्याचा मणी घेतला जातो हे खरे; पण तीन हजार वर्षे भटकण्याचा कृष्णाचा शाप मुख्यतः उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल आहे, असे मला वाटते.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीतील संपूर्ण सौप्तिकपर्व आणि भीष्मपर्वातील युद्धनियमांचा अध्याय वाचून झाला आहे. शांतिपर्व मात्र इतके विस्तीर्ण आहे की नेमके कुठे शोधावे ते कळत नाही. कादंबऱ्या आणि मालिकांमधील प्रसंग या टिपणासाठी उपयोगाचे नाहीत. मूळ श्लोकच हवेत, सोबत मराठी अर्थ असल्यास उत्तम.

स्त्रीपर्वात, शांतिपर्वात किंवा त्यापुढे, झोपेतील या संहाराला युद्धनियमांच्या कसोटीवर स्वतंत्रपणे अधर्म ठरवणारा निवाडा कोणी दिला आहे का, आणि असल्यास तो कोणत्या अध्यायात आहे?