हवाई दलाच्या १८ स्क्वाड्रनचा (लढाऊ विमानांच्या तुकडीचा) इतिहास कोणी सांगेल का?

विमानवेडा: तेजस उडवणारी १८ स्क्वाड्रन म्हणजे १९७१ वाली 'फ्लाइंग बुलेट्स'च ना? मधे बंद पडली होती असं ऐकलं, मग परत कशी आली?

नभांगण: हो तीच. १९६५ ला नॅट या छोट्या लढाऊ विमानांवर उभी राहिली. आणि १४ डिसेंबर १९७१ विसरूच नका, श्रीनगरवर पाकिस्तानच्या सेबर विमानांनी हल्ला केला, रनवेवर बॉम्ब पडत होते आणि तशातच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखोंनी नॅट उडवलं, त्या सेबरना एकटे भिडले आणि शहीद झाले, हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. लिहितानाही अंगावर काटा येतो.

जुनापंखा: बंद म्हणजे २०१६ ला तिची मिग-२७ विमानं गेल्यावर नंबरप्लेट केली, म्हणजे विमानं नाहीत पण नंबर, बोधचिन्ह, परंपरा जपून ठेवायची, नवी विमानं आली की तोच नंबर परत जिवंत होतो. तसंच २०२० ला तेजस घेऊन सुरू झाली. 'तीव्र और निर्भय' हे ब्रीदवाक्यही तेच.

विमानवेडा: नंबरप्लेटचं माहीतच नव्हतं, मनापासून आभार दोघांचे!