मदत हवी आहे: मोबाईलवर ‘ऑर्डर द्या’ बटण खाली दडतंय

बेळगावातल्या एका कुंद्याच्या दुकानाची साईट आहे, मराठी-कन्नड दोन्हीत. गिऱ्हाईक खानापूर-निपाणीपर्यंतचं, त्यामुळे जुने फोन सोडून चालणार नाही.

सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) पानाची उंची १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर, दिली की क्रोममध्ये तळाचं बटण अर्धं झाकलं जातं, कारण मोबाईलवर व्हीएच ॲड्रेस बार लपलेला धरून मोजतात. म्हणून त्याच्याच खालच्या ओळीत १०० डीव्हीएच (बार दिसेल-लपेल तशी बदलणारी उंची) लिहिलं. क्रोम १०८, सफारी १५.४ पासून ही ओळ चालते. त्याआधीचे ब्राउझर ती मुकाट सोडून देतात. पण आता स्क्रोल करताना बार आत-बाहेर झाला की बटण उडी मारतं. एसव्हीएचने (बार दिसतोय असं धरून मोजलेली उंची) उडी थांबते, मात्र बार लपल्यावर खाली पांढरी पट्टी उरते. फार भिकार दिसतं! फिक्स्ड (बटण स्क्रीनच्या तळाशी कायम चिकटवणं) सुचवू नका. जुन्या अँड्रॉइड क्रोममध्ये कीबोर्ड उघडला की बटण वर येऊन पत्त्याचा रकाना झाकतं. स्टिकी (स्क्रोल करताना ठरावीक जागी आलं की चिकटणं) कुणी वापरलंय का?

आणखी एक. ‘हॅज’ सिलेक्टर (आत अमुक घटक असेल तरच लागू होणारा) स्वल्पविराम देऊन इतरांसोबत लिहिला, तर फायरफॉक्स १२१ च्या आधी अख्खा नियमच बाद होतो. तो वेगळा काढलाय. एवढं पुरे, की ‘सपोर्ट्स’ची (ब्राउझरला ते जमतं का हे पाहणारी) तपासणीही लावावी?